अळीची वेगळी नोंद

१२ जानेवारी

प्रिय सूनबाई,

नणंदेनं भावजयीला सूनबाई का म्हणायचं, असं तू लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं होतंस. अगं, आई गेलेल्या घरात सासूपणा कुणीतरी करायला नको? मी तो फुकटात करतेय, तर करू दे.

प्लास्टर काढून वर्ष होऊन गेलं तरी थंडीत मनगट ठणकतं म्हणतेस. शेक घेत जा. तेव्हा दोन महिने मी तिथे होते म्हणून घेत होतीस. माझी पाठ वळली की बंद! आणि बाब्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना पट्टा बांधतो की नाही, ते विचार त्याला. 'बांधतो' म्हणाला तर समज बांधत नाही. लहानपणापासून ओळखते त्याला.

आज माझ्याकडे बातमी आहे. तू नेहमी विचारतेस, ताई, तुम्ही कचेरीत दिवसभर करता तरी काय? ऐक. दवाखान्यांच्या कॉम्प्युटरांत आजारांची, जंतूंची, औषधांची जी नावं असतात ती आम्ही ठरवतो. एका गोष्टीला एक नोंद, एका नोंदीला एक आकडा. डॉक्टर कुठलाही असो, आकडा बघितला की सगळ्यांना एकच गोष्ट कळली पाहिजे. गेला महिनाभर जंतांवरून जुंपली होती. पट्टकृमी म्हणून एक फितीसारखा लांबलचक जंत असतो. जुन्या यादीत त्याचं अंडं, त्याची अळी आणि मोठा जंत अशा तीन नोंदी होत्या, आणि तिन्ही प्राण्याचे प्रकार म्हणून मांडलेल्या. मी म्हटलं, हा काय चावटपणा? अळी हा प्रकार नव्हे, वय आहे. आमचा बाब्या पाळण्यात होता तेव्हा तो माणसाचा वेगळा प्रकार होता का? सगळे हसले आणि मी तिथेच जिंकले.

एक जंतकाका तेवढे हसले नाहीत. हे आमचे म्हातारे सल्लागार. सगळा जन्म सूक्ष्मदर्शकाखाली जंत बघण्यात गेला, म्हणून हे नाव. ते म्हणाले, "बाई, ह्याचं वय बदललं की ह्याचं घर बदलतं. ते कुठे लिहिणार?" मी म्हटलं, काका, घर बदललं म्हणून माणूस बदलतो का? प्रमुखांनी मान डोलावली. आता अंडं, अळी, जंत, सगळ्यांची मिळून एकच नोंद. म्हातारा चहा न पिता उठून गेला. वाईट वाटलं थोडं, पण चूक ती चूक.

बाब्याला म्हणावं, पत्र लिहायला हात झिजत नाहीत.

तुझी ताई


२९ जानेवारी

ताई,

हे पत्र तुम्ही बसून वाचा.

यांना कामावर फिट आली. नशीब, तेव्हा खड्ड्यात नव्हते, वरच्या मजल्यावर हत्यारं आवरत होते. सोबतचे लोक म्हणाले, हातातला पाना पडला, मागोमाग हे पडले. तोंडाला फेस, दात आवळलेले. मी दुकानात एका आजींना चष्मा चढवून देत होते, तशीच धावले. मी पोचले तेव्हा शुद्धीवर आले होते, पण मला ओळखलं नाही. "तुम्ही कोण?" म्हणाले. मिनिटभरच, पण ताई, तो एक मिनिट मी विसरणार नाही.

डोक्याचा फोटो काढला. मेंदूत पांढरे ठिपके आहेत, वाटाण्याएवढे. रक्तही तपासलं. रिपोर्टवर लिहून आलंय, 'पट्टकृमीचा संसर्ग'. तुमचाच जंत. मला आधी हसूच आलं, मग रडू. डॉक्टर घाईत होते. सुटी देताना रिपोर्टबरोबर कॉम्प्युटरवरून एक माहितीचा कागद छापून दिला. त्यात म्हटलंय, हा आजार डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्ल्यानं होतो.

आता सांगा. पोटाचं दुखणं झालं तेव्हापासून यांनी बाहेरचं खाणं सोडलं, असं मला शपथेवर सांगितलं होतं. मी डबा देते तो कोण खातं मग? मी विचारलं, तर म्हणाले, "मी बाहेर काही खाल्लं नाही." मी कागद दाखवला. म्हणाले, "कागद खोटा असेल." ताई, माणूस आजारी आहे हे मला दिसत होतं, तरी मी नाही नाही ते बोलले. तोंडावर खोटं बोलता, म्हटलं. दोन दिवस आमच्यात बोलणं नाही. ते भिंतीकडे तोंड करून झोपतात.

तुम्ही लिहा त्यांना. तुमचं ऐकतात.

तुमची सूनबाई


५ फेब्रुवारी

सूनबाई,

बाब्या खोटं बोलत नाहीये. आधी जाऊन त्याच्याशी बोल, मग पुढचं वाच.

तो कागद चुकीचा आहे. म्हणजे कागदावरचं खरं आहे, पण ते बाब्याचं नाही. हे मी तुला कसं समजावू? मांसात ह्या जंताची अळी असते. ती ज्यानं खाल्ली त्याच्या आतड्यात ती वाढून मोठा जंत होते. त्या माणसाला बहुतेक वेळा काहीच होत नाही. खातो, पितो, हिंडतो. पण त्याच्या पोटातून अंडी बाहेर पडतात, आणि हात नीट धुतले नाहीत तर हाताला राहतात. तो हात दुसऱ्याच्या अन्नाला लागला, की अंडी त्या दुसऱ्याच्या पोटात, आणि तिथून अळ्या होऊन रक्तातून मेंदूत. बाब्याच्या डोक्यात आहेत त्या अळ्या. त्यानं मांस खाल्लं म्हणून नव्हे, कुणाच्या तरी हातचं खाल्लं म्हणून.

आणि कागद चुकला तो आमच्यामुळे. अळीची वेगळी नोंद होती तेव्हा तिला वेगळा कागद जोडलेला होता. मी तिन्ही एक केल्या आणि मोठ्या जंताचा कागद सगळ्यांना जाऊ लागला. बाब्याला बोल बसले ते माझ्या हुशारीपायी. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी उद्याच प्रमुखांकडे जाते.

पण आता मुद्द्याचं. अंडी घरातूनच आली असणार. बाब्या तुझा डबा खातो. तुमच्याकडे स्वयंपाकाला त्या बाई येतात, त्यांच्या नखांकडे कधी पाहिलंस का? आणि तू दुकानातून येतेस तशी घाईनं ओट्याशी उभी राहतेस, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. हात धुतेस ना नीट? राग मानू नकोस, पण विचारायलाच हवं. बाईंची आणि तुझी, दोघींची शौचाची तपासणी करून घे, लगेच. ज्याच्या पोटात जंत आहे त्याला गोळी दिली की सुटतो, पण तोवर तो माणूस रोज विष वाढतोय असं समज.

माझ्या भावाला मी आई गेल्यापासून हातानं भरवून मोठा केलाय गं. आणि त्याच्या ताटात कुणीतरी हे वाढलं.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

दोघींची तपासणी झाली. डॉक्टरांनी तीनदा करायला लावली, एकदा केलेली चुकू शकते म्हणाले. बाईंच्यात काही नाही. माझ्यातही काही नाही.

बाई काम सोडून गेल्या. "इतकी वर्षं तुमच्या घरी राबले आणि माझी घाण तपासायला पाठवलीत," म्हणाल्या. पदरानं डोळे पुसत जिना उतरल्या. मी थांबवलं नाही.

यांच्याशी बोलणं सुरू झालं आहे. मी माफी मागितली. हे म्हणाले, सोड. फिटची औषधं चालू आहेत, सूज उतरायचीही आहेत. दिवसभर गुंगी असते. कंपनीनं लिफ्टचं काम काढून घेतलं आणि तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. लोक लिफ्टमध्ये अडकले की फोन करून शिव्या देतात, त्या हे ऐकतात. पूर्वी स्वतः जाऊन सोडवायचे.

तुम्ही विचारलंत ते डॉक्टरांनीही विचारलं. आमच्या घरात स्वयंपाकाला हात लावणारं तिसरं कोणी नाही.

मनगट बरं आहे. शेक घेते.


२ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र चार ओळींचं. रागावलीस. रागाव, पण बाब्याची खुशाली सविस्तर लिहीत जा.

इथे माझं डोकं फिरलंय. प्रमुख म्हणतात, "बाई, परवा तुम्हीच टेबलावर हात आपटून सांगत होता की वय हा प्रकार नाही, आणि आज नोंद फोडायला निघालात?" मी म्हटलं, जंत एकच राहू दे, पण आजार वेगळे करा. आतड्यातल्या जंताचा एक, मेंदूतल्या अळीचा दुसरा. कागदही दोन. ते म्हणाले, अर्ज द्या, बैठकीत ठेवू. शेवटी जंतकाकांच्या घरी गेले. मला वाटलं, म्हातारा आता टोमणे मारणार. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "घरात कुणाला झालंय का?" मी हो म्हटलं. मग त्यांनी स्वतः उठून चहा ठेवला.

तू पुन्हा तपासणी कर. बाब्या जिथे चहा पितो तिथे विचार. शेजारून कधी ताट आलं होतं का, आठव. असं कसं, तिसरं कोणी नाही म्हणजे


पत्र इथेच थांबलं होतं. आज तीन दिवसांनी पुढे लिहितेय.

तिसरं कोणी नाही, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी तुला उलट लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. अगं, मग मी कोण? तुझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा दोन महिने दोन्ही वेळचा स्वयंपाक कुणी केला? बाईंना सुट्टी देऊन टाकली होती मी, माझ्यापेक्षा चांगलं कोण करणार म्हणून. त्याच्या आधी वर्षभर मी दवाखान्यांच्या याद्या गोळा करत हिंडत होते. मिळेल तिथे उतरायचं, मिळेल ते खायचं. काय खाल्लं, किती शिजलेलं होतं, कुणाला आठवतंय?

तू विसरलीस का, सूनबाई? दोन महिने कुणी विसरतं का?

मला काही होत नाही. भूक लागते, झोप लागते. ज्याच्या पोटात असतो त्याला काही होत नाही, हे तुला मीच लिहिलं होतं. उद्या तपासणीला जाते.

ताई


१८ मार्च

ताई,

यांना मोठी फिट आली. एक थांबेपर्यंत दुसरी, असं बराच वेळ चाललं. दवाखान्यात आहोत. मेंदूला सूज आहे. शुद्धीवर येतात, पुन्हा झोपतात.

तुमचं पत्र मिळालं. उत्तर नंतर लिहीन. तुम्ही निघू नका, आत कुणाला सोडत नाहीत.


७ एप्रिल

प्रिय सूनबाई,

तुझ्या पत्राची वाट बघून बघून हे लिहितेय. फोन केला तर तू 'बरे आहेत' म्हणून ठेवून देतेस.

माझ्या तपासणीत अंडी सापडली.

तपासणाऱ्या मुलीनं सहज सांगितलं, "पट्टकृमी आहे, घाबरू नका, एका गोळीचं काम." बाकावर बसून राहिले. तिला वाटलं, मला जंताची किळस आली. पाणी आणून दिलं बिचारीनं. माझ्याही डोक्याचा फोटो काढला. स्वच्छ आहे! माझ्या डोक्यात एक ठिपका नाही. गोळी घेतली. पुन्हा तपासलं, आता काही नाही. बघ, किती सोपं होतं. माझ्या पोटात असेपर्यंत तो जंत एका गोळीत जाणारा होता.

आता घरी स्वयंपाक करत नाही मी. दुकानातून पाव आणते आणि कागदावरूनच खाते. हात धुऊन धुऊन कातडी सोलवटली आहे. गोळी घेतल्यावर धोका नाही हे मला माहीत आहे, माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण भांड्याला हात लावला की बाब्या दिसतो. दुसऱ्यांदा वाढताना 'पुरे' म्हणायचा, आणि मी 'गप रे' म्हणून वाढायची.

नोंदी वेगळ्या झाल्या. बैठकीत कुणी विरोध केला नाही. मेंदूतल्या अळीला तिचा आकडा आणि तिचा कागद मिळाला. कागदावर आता लिहिलेलं असतं की घरात स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांना तपासा. तो मजकूर मीच लिहिला. जंतकाका म्हणाले, चांगला लिहिलात.

बाब्याला हे मला सांगायचं आहे. माझ्या तोंडानं. तुला मी काय काय लिहिलं होतं, हात धुतेस ना, नखं पाहिलीस का! शरमेनं मेले मी. त्या बाईंना मी पत्र लिहू का? पत्ता पाठव.

आणि एक खरं सांग. तू मला मुद्दाम वगळलंस ना?

तुझी ताई


२२ एप्रिल

ताई,

हो. मुद्दाम वगळलं.

तुमचं नखांचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून सगळं समजावलं होतं. एका माणसाचं पोट, मग हात, मग ताट, मग दुसऱ्याचं डोकं. विचारलं, गेल्या दोन वर्षांत स्वयंपाक कोण कोण करत होतं? मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे. दोघांच्याही तोंडाशी एकच नाव. पण हे पटकन म्हणाले, "बायको आणि कामाच्या बाई. तिसरं कोणी नाही."

बसस्टॉपवर मला म्हणाले, "ताईला कळलं तर ती पुन्हा अन्नाला शिवायची नाही. तू लिहायचं नाहीस. काहीतरी निमित्त काढून मीच तिला गोळी घ्यायला लावतो." त्यांना तेवढा वेळ मिळाला नाही.

म्हणून मी त्यांचंच वाक्य तुम्हाला लिहिलं. माझ्यात काही निघणार नाही हे ठाऊक असून डबी घेऊन दवाखान्यात रांगेत उभी राहिले. बाईंना ठाऊक असून जाऊ दिलं. तुमचं ते पत्र यांना वाचून दाखवलं नाही. यांना वाटायचं, ताई म्हणजे देव. तुम्हालाही 'आपला तो बाब्या'च. दोघांच्या मध्ये मी गप्प बसले.

बाईंना मीच जाऊन भेटले. खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. तुम्ही पत्र लिहू नका.

यात तुमचा दोष नाही हे मला कळतं. पोटात काय आहे ते कुणाला दिसतं? मी आजारी असताना तुम्ही धावून आलात, भांडी घासलीत, माझी वेणीसुद्धा घातलीत. सगळं कळतं. तरी राग जात नाही ताई. 'गप रे' म्हणून तुम्ही वाढताय हे आठवलं की समोरचं ताट भिंतीवर मारावंसं वाटतं. मीही ते दोन महिने तेच जेवले. डॉक्टर म्हणतात, तुमच्याही डोक्याचा फोटो काढून घ्या. मी अजून गेलेले नाही. माझ्यातही निघालं तर यांच्याकडे कोण बघणार?

यांना तुम्ही काही सांगू शकणार नाही. त्या मोठ्या फिटनंतर यांचं बरंच पुसलं गेलंय. मला ओळखतात. लिफ्टचं काम आठवतं, घोटाळा करत सांगतात. डॉक्टरांनी काढलेलं चित्र आठवत नाही. बसस्टॉप आठवत नाही. मी दोनदा सांगून पाहिलं की हा आजार कसा झाला. ऐकतात, मान हलवतात आणि थोड्या वेळानं विचारतात, मला काय झालंय गं? ज्यांनी तुम्हाला माफ केलं होतं ते आता नाहीत, ताई. मला तसं काही करायला जमत नाही.

सकाळी उठले की जेवणावरून रुसतात. माझ्या हातचं गोड लागत नाही. ताट सरकवून म्हणतात, ताईला बोलाव, तिच्या हातचं जेवायचंय मला. रोज म्हणतात. मी सांगते, ताईंना रजा मिळत नाही.

रजा मिळाली तरी सध्या येऊ नका.